पुसेगावचा सांधा

मोहरीएवढा स्क्रू फळीच्या कडेशी येऊन थांबला — पडला तर गेलाच, फरशीच्या भेगेत... भागवतने श्वास धरून त्यावर बोट टेकवलं. बोट अजून स्थिर आहे. पस्तीस वर्षं रेल्वेत सांधे बदलले, गाड्या या रुळावरून त्या रुळावर वळवल्या, आणि आता एका स्क्रूपायी स्वतःच्या बोटाचं कौतुक करत बसायचं, म्हणजे कमालच.

पलंगाला लावून मांडलेल्या या फळीवर त्याची हातभर आगगाडी फिरते. खरी जात नाही तिथंही जाते — सेनगावला, वारंगा फाट्याला, आणि उजवीकडे वळून पुसेगावला, बायकोच्या, शालूबाईच्या माहेरी. आजवर इथले सांधे तो हातानेच सरकवायचा. सात महिन्यांपूर्वी लकव्याने शालूबाईची उजवी बाजू गेली, आणि परवा लेकीने, सरिताने, पुण्याहून खोकं पाठवलं : चार चिमुकल्या मोटरी, एक रिमोट, आणि चिठ्ठीत एकच ओळ — 'बाबा, रिमोट आईच्या हातात द्या.'

द्यायला काय, देऊ की! पण सकाळपासून तो फळीखाली उताणा पडलाय, भोकातून तार वर काढतोय, ती रुळाच्या सरकत्या पात्यात अडकवतोय — तीन मोटरी बसल्या, चौथी, पुसेगावची, काही बसत नाही. बसत नाही, की बसवायची नाही? खरं सांग की, भागवत... खरं म्हणजे मला भीती वाटते, सांधा हातातून सुटायची. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी एकदा, फक्त एकदा, मी दांडा ओढला आणि पातं रुळाला नीट चिकटलं का ते बघायला गेलो नाही — मधे मुठीएवढा खडा होता. इंजिनाची दोन चाकं खाली उतरली. कुणी मेलं नाही, पण तेव्हापासून सांधा बदलला की मी जाऊन पातं बोटाने चाचपतो. घरातसुद्धा! शालूने गॅस बंद केला की बटण चाचपतो, तिने कडी लावली की कडी. जन्मभर तिच्यामागे माझं बोट. ती कधी काही बोलली नाही, म्हणून मला वाटलं, तिला चालतं.

"झालं का?" पलंगावरून शब्द ओढत आले.

झालं होतं, चौथीही शेवटी बसली होती. त्याने रिमोट तिच्या डाव्या हातात दिला आणि गाडी सोडली. तिने अंगठ्याने बटण दाबलं. खट् — पातं पुसेगावकडे सरकलं. सरकलंच असेल... त्याचं बोट आपोआप पुढं गेलं.

"आवं, काहून बोट घालून राहिले? मी दाबलं नं बराबर."

"तसं न्हाई गं, एखादा खडा-बिडा..."

"इथं कुठला आला खडा?" ती अर्ध्या तोंडाने हसली, मग हसू गेलं. "एवढं एक तरी माझं राहू द्या की."

एवढं एक तरी... म्हणजे गॅसही तिला कळत होता, कडीही. सगळंच कळत होतं. बोट हवेत तसंच राहिलं, आणि गाडी तर वळणावर आली होती. त्याने हात मागं घेतला, मांडीखाली दाबून धरला, आणि पात्याकडे न बघता तिच्या अंगठ्याकडे बघत राहिला. चाकांची खडखड सांध्याशी येत होती — आणि मांडीखालचा हात, नवलच, उठायला मागत नव्हता.