खिळ्यावरची किल्ली

कमांडर महेश्वर हत्तुरे यांनी नौदलात असताना सगळे समुद्र पालथे घातले होते, तलवारबाजीत पदकं मिळवली होती. आता सोलापुरात तिसऱ्या मजल्यावर त्यांना कोंडून, जाळीच्या दाराला बाहेरून कुलूप लावून सून शाळेत शिकवायला जायची. गुन्हा कुणाचाच नव्हता. त्यांच्या पत्नीला, नीलम्मांना, विसरण्याचा आजार जडला होता. एकदा त्या नवऱ्याला बोटीवरून आणायला निघाल्या आणि होटगी स्टेशनात सापडल्या. नवरा तेव्हा घरात दाढी करत होता. किल्ली घरात कुठंही लपवली तरी त्या हुडकून काढायच्या. म्हणून सून चंद्रिका ती बाहेर समोरच्या भिंतीवर, खिळ्याला टांगून जायची. अडीनडीला शेजारी होतेच, पण ते आज अक्कलकोटला गेले होते.

आणि आजच जिल्ह्याच्या तलवारबाजी स्पर्धेला पंच म्हणून कमांडरांना बोलावणं होतं. कित्येक वर्षांत त्यांना कुणी विचारलं नव्हतं. सासू-सासऱ्यांना आत्या-मामा म्हणणारी चंद्रिका सकाळी म्हणाली होती, "मामा, आत्यांपाशी कोण बसायचं?" प्रश्न बिनतोड होता, म्हणूनच तो त्यांना झोंबला.

नीलम्मांचा डोळा लागला. तासाभराचा तर प्रश्न, असं स्वतःला बजावत कमांडरांनी कपाटावरची जुनी तलवार काढली. दुधाची पिशवी घ्यायला दारात कमरेखाली एक चौकट कापलेली होती. सवयीनं त्यांनी आधी भिंतीला सलामी दिली, मग पुढचा पाय टाकून खाली बसत हात चौकटीतून बाहेर फेकला. गुडघा कुरकुरला. टोक भिंतीवर आपटून पोपडा पडला. दुसऱ्या खेपेला किल्लीचा दोरा निसटला. मग मात्र टोक दोऱ्याच्या फासात शिरलं आणि किल्ली पात्यावरून घसरत मुठीपाशी आली. म्हातारा पोरासारखा हसला.

बूट चढवून, चौकटीतून हात घालून कुलूप काढून ते बाहेर पडले आणि कुलूप लावायला वळले, तर दारात नीलम्मा उभ्या.

आजारानं त्यांची मराठी नेली होती, उरली होती माहेरची कानडी. बोटीवर निघालेल्या नवऱ्याला त्या दर वेळी म्हणायच्या, "होगि बर्री." जाऊन या. नुसतं 'जा' त्या घरात कुणी म्हणत नसे.

त्यांनी बूट पाहिले, मग नवऱ्याच्या हातातलं कुलूप पाहिलं.

"होगरी," त्या म्हणाल्या. जा.

पुढचा शब्द येईल म्हणून कमांडर थांबले. तो आला नाही. ती तो विसरली की तिनं गिळला, हे त्यांना कधीच कळणार नव्हतं. वार लागला की पंचाच्या आधी आपणच हात वर करायचा, असं ते तरुणपणी शिकले होते. त्यांनी हात वर केला.

"लागला, नीला."

ते आत आले, चौकटीतून हात घालून कुलूप लावलं आणि किल्ली टोकावर अडकवून परत खिळ्याला टांगायला बसले. काढण्यापेक्षा टांगणं फार अवघड निघालं, सदरा घामानं भिजला. जमलं तेव्हा ते मागं वळले. नीलम्मा त्यांच्या खांद्यावरून दाराकडे बघत होत्या. त्यांचा नवरा बोटीवरून यायचा होता.