उशिरा आलेली थाप

“हे ऐका आप्पा, गाण्याखाली सातारच्या एकानं लिवलंय,” असं म्हणून आकारामची लेक राजनंदिनी मोबाईल डोळ्यांजवळ धरून वाचू लागली. “‘माघारी’ या गाण्यात कडव्याच्या शेवटी ढोलकीची एक थाप उशिरा येते. परत आलेला माणूस स्वतःच्याच उंबऱ्यात अडखळावा तशी. त्या थापेसाठी मी हे गाणं वीस वेळा ऐकलंय.”

आकारामनं बशीतला चहा संपवला आणि आणखी काय म्हणतोय म्हणून विचारलं. आणखी बरेच जण बरंच काही म्हणत होते. आधी लोकांनी शब्दांचं कौतुक केलं, मग धैर्यशीलच्या खर्जाचं. पण गेले पंधरा दिवस सगळे त्या एका थापेवर येऊन अडले होते. पुण्याच्या एका जाणकारानं तर ही कोल्हापूरकडची जुनी वाजवण्याची रीत असल्याचं लिहून टाकलं होतं. कोल्हापुरात कुणाला ती ठाऊक नव्हती, एवढीच काय ती अडचण.

धैर्यशील त्यांच्याच गल्लीतला. इंजिनीअरिंगची नोकरी सोडून गिटार घेऊन बसला, तेव्हा गल्लीनं त्याला वाया गेलेल्यांत जमा केला होता. कुठल्याही कंपनीच्या दारात न जाता त्यानं आपल्या बोलीतली आठ गाणी केली आणि ‘तिकटी’ नावानं इंटरनेटवर सोडली. ढोलकीला मात्र त्यानं शोधून आकारामला नेलं. आकाराम उद्यमनगरातल्या कारखान्यात चौतीस वर्षं लेथवर आणि तितकीच वर्षं गुरुवारच्या भजनात. त्याचा हात घड्याळासारखा पडतो, असं भजनकरी म्हणत.

तो हातच रेकॉर्डिंगच्या दिवशी पडला नव्हता. दिवाळीपासून डाव्या हाताची बोटं बधिर व्हायची. राजारामपुरीतल्या त्या खोलीत, भिंतींना गाद्या लावलेल्या, ‘माघारी’चं कडवं संपता संपता हात उचललाच गेला नाही. उचलला गेला तोवर थापेची जागा निघून गेली होती. पुन्हा एकदा घेऊ, असं आकाराम म्हणणार, तेवढ्यात धैर्यशीलनं मिटलेले डोळे उघडले आणि म्हणाला, काका, काय जागा सोडलीत, हेच ठेवायचं. आकाराम गप्प बसला.

लेथवरचा जॉब केसभर चुकला, तरी तो स्वतःच्या हातानं रिजेक्टच्या ढिगात टाकणारा माणूस. साहेबाच्या नजरेतून सुटेल म्हणून त्यानं कधी काही पुढं सरकवलं नव्हतं. इथं मात्र सरकवलं. खोटं कशाला बोला, त्याला त्या वेळी बरं वाटलं होतं.

डॉक्टरांनी नंतर मानेतली शीर दबल्याचं सांगितलं. हात आणखी बिघडायचा थांबला तरी पुष्कळ झालं, असंही सांगितलं. वय झालं म्हणून मालकानं त्याला लेथवरून काढून मापं तपासायला बसवलं होतंच, त्यामुळे घरात काही सांगावं लागलं नाही. ढोलकीचं मात्र सांगावं लागणार होतं. महिनाअखेरीला ‘तिकटी’चा पहिला जाहीर कार्यक्रम होता, आणि ‘माघारी’त सगळी वाद्यं थांबून फक्त ढोलकी वाजणार होती. आयुष्यात पहिल्यांदा लोक आकारामला ऐकायला येणार होते. ते त्याला सोडवत नव्हतं.

तालमीला गडहिंग्लजचा अमरेश ड्रम घेऊन बसला होता. गाणं सुरू झालं. आकारामनं सगळा जीव डाव्या हातात गोळा केला आणि थाप बरोबर जागेवर टाकली. किती दिवसांनी अशी पडली होती. गाणं थांबलं.

“काका, थाप आधी आली,” धैर्यशील म्हणाला.

आकारामनं पुन्हा वाजवलं, या वेळी मुद्दाम उशीर करून. ते नाटकातल्या रडण्यासारखं झालं, त्याचं त्यालाच कळलं. तिसऱ्या वेळी हात उचललाच गेला नाही. सगळे त्याच्या हाताकडं बघत राहिले. त्यानं ढोलकी मांडीवरून खाली ठेवली.

“ती जागाबिगा काय नव्हती, धैर्यशील. माझा हात आला न्हाय त्या दिवशी. वाजवायची थाप चुकली, आन् तुला मारलेली थाप जमली. आता लोक तिचंच गुणगान गात्यात.”

धैर्यशीलनं गळ्यातली गिटार काढून ठेवली. मग तो हाताबद्दल विचारत बसला, कुठला डॉक्टर, काय औषध. पोरगा मनानं चांगला. पण शेवटी जे विचारायचं ते त्यानं विचारलंच. “मग वाजवायचं कुणी, काका?”

आकारामनं अमरेशला जवळ बोलावलं आणि ढोलकी त्याच्यापुढं सरकवली. अमरेशचा हात तयार होता, उशीरही तो मापात करायचा, पण त्यात अडखळणं नव्हतं.

“मोजू नगंस,” आकाराम म्हणाला. “येळेवरच मारायला जा. खरंच मारायची हाय असं समज. आन् हात न्हाय उठला तर कसं हुईल, ते बघ.”

चार दिवस लागले. चूक शिकवणं हे बरोबर शिकवण्यापेक्षा अवघड निघालं. चौथ्या संध्याकाळी अमरेशची थाप उंबऱ्यात अडखळल्यासारखी पडली. झालं तुझं, म्हणून आकाराम उठला. घरी गेल्यावर त्यानं बायकोला, अक्काताईला, हाताचं सगळं सांगितलं. तिला ते दिवाळीपासून ठाऊक होतं.

कार्यक्रमाला दोघं तिसऱ्या रांगेत बसली. ‘माघारी’ आलं तेव्हा सभागृह आधीच चिडीचूप झालं. लोक त्या थापेचीच वाट बघत होते. वाद्यं थांबली. थाप येता येता राहिली, आणि मग आली. मागच्या रांगेतल्या कुणाच्या तरी तोंडून हुंदका निघाला.

अक्काताई नवऱ्याच्या कानाशी वाकली. “तुमच्यागतच वाजीवलं की त्यानं.”

“न्हाय,” आकाराम म्हणाला. “त्यानं बरोबर वाजीवलं.”

टाळ्या सुरू झाल्या, लोक उभे राहिले. आकारामचा डावा हात मांडीवर उताणा पडला होता. तो बसल्या जागी उजव्या हातानं त्याच्यावर टाळी वाजवत राहिला.