भोपळ्याला फळ धरत नाही

औषधांच्या दुकानातल्या बाईंनी ‘गच्चीवरची बाग’ हा ग्रुप काढला तेव्हाच सगळ्यांना दम भरला होता. इथे फक्त झाडांबद्दल बोलायचं, राजकारणाचा एक शब्द दिसला की बाहेर! बाई बोलल्या की करून दाखवतात हे सगळ्यांना ठाऊक. पण निवडणूक तोंडावर आली आणि लोकांच्या जिभेला खाज सुटली. मग कुणीतरी शक्कल काढली. सत्तेतला पक्ष म्हणजे वांगं आणि विरोधातला म्हणजे भोपळा. झालं! दिवसभर फोन नुसते ठणाणा करायला लागले. बाई आपल्या खूश, की लोक भाज्यांबद्दल किती पोटतिडकीने बोलतात.

शिंपीमास्तर वांग्याचे. नुसते वांग्याचे नाही, कट्टर! आणि त्यांच्या धाकट्या बहिणीचे यजमान, ज्यांना ते दाजी म्हणत, ते भोपळ्याचे. दाजींचं घड्याळदुरुस्तीचं दुकान दोन गल्ल्या सोडून. संध्याकाळी ते बंद केलं की दाजी मास्तरांकडे यायचे, कापडाच्या गठ्ठ्यावर बसायचे, चहा घ्यायचे. मग दोघंही फोन काढून, अगदी मांडीला मांडी लावून बसल्या बसल्या, एकमेकांना ग्रुपवर हाणायचे. तोंडाने चकार शब्द नाही. मास्तरांनी ‘वांग्याचं देठ मजबूत आहे’ असं टाकलं, की शेजारून दाजी टाकणार, ‘आत कीड आहे, कापून बघा.’ मग मास्तर गालातल्या गालात हसत किटली उचलून भुवया उंचावायचे, आणि दाजी कप पुढे करायचे. विळ्या-भोपळ्याचं सख्य म्हणतात ते हेच. फक्त इथे विळ्याला भोपळ्यावाचून करमत नव्हतं.

निकाल लागला. वांगं दणदणीत निवडून आलं, आणि त्यांच्या भागात तर भोपळ्याला भोपळाही फोडता आला नाही. मास्तरांना असा चेव आला म्हणता! ‘भ्रमाचा भोपळा फुटला!’ असं त्यांनी ठोकून दिलं आणि खाली एक नाचणारी बाहुली चिकटवली. त्या संध्याकाळी दाजी आले नाहीत. दुसऱ्या संध्याकाळीही नाहीत.

बरं, ग्रुपवर तरी काही चालावं? तेही नाही. आठवडाभरात सगळं थंडगार. जिंकलेल्यांना बोलायची गरज उरली नाही, हरलेल्यांना तोंड उरलं नाही, आणि मधले सगळे आपापल्या गळक्या नळांकडे वळले. भोपळ्यासाठी जीव द्यायला निघालेला बेकरीवाला आता मुंग्यांवर औषध विचारत होता. मास्तरांनी एकदोनदा वांग्याची खोडी काढून पाहिली, तर उत्तरादाखल औषधवाल्या बाईंचा एक फुलांचा फोटो आला, बस्स.

“मेल्यांनो, एवढे भांडलात ते काय उगाच?” मास्तर शिलाई मशीनवर खेकसले. त्यांचं कशात लक्ष लागेना. एका गिऱ्हाइकाच्या शर्टाला त्यांनी दोन्ही बाह्या डाव्या लावल्या. दाजी कायमचे तुटले की काय, हा एकच किडा डोकं पोखरत होता. बहिणीला फोन करावा, तर विचारणार काय? तुझा नवरा माझ्यावर रुसलाय का गं?

आणि एका सकाळी दाजी ग्रुपवर उगवले. ‘भोपळ्याला फुलं भरपूर येतात, पण फळ धरत नाही. काय करावं?’

अहाहा! मेलेल्या ग्रुपमध्ये जीव आला. बेकरीवाल्याने लिहिलं, ‘माळी बदला.’ कुणी लिहिलं, ‘आता पुढच्या हंगामाची वाट बघा.’ मास्तरांचा आनंद गगनात मावेना. दाजी स्वतःच स्वतःच्या पक्षाची टिंगल करताहेत, म्हणजे राग गेला! त्यांनी घाईघाईने टाकलं, ‘दाजी, वेल मुळासकट उपटा. नाहीतरी नुसती जागा अडवतो.’ आणि संध्याकाळच्या चहासाठी जास्तीचं दूध आणून ठेवलं.

संध्याकाळी आली ती बहीण. चपलांसकट तरातरा आत.

“दादा, तुझं डोकं ठिकाणावर आहे का?”

“का गं? झालं काय?”

“यांनी वेल उपटला! केव्हापासून जपत होते. पाण्याच्या बादल्या गच्चीवर चढवून कंबर गेली माणसाची!”

“कसला वेल?”

“भोपळ्याचा! तूच लिहिलंस ना, मुळासकट उपटा म्हणून?”

मास्तरांनी हातातलं दुधाचं पातेलं खाली ठेवलं. “अगं, तो... तो पक्ष होता.”

“पक्ष कसला? वेल होता, वेल!”

“तुम्ही खरोखरचा भोपळा लावलाय हे मला काय माहीत?”

“विचारलंस कधी? मी म्हटलं यांना, अहो, जरा थांबा, आणखी कुणाला तरी विचारू. तर म्हणाले, मास्तरांनी सांगितलंय ना, मग बस्स. भांडतील, पण मला खोटं सांगणार नाहीत.”

मास्तरांच्या कानांच्या पाळ्या तापल्या. अरे देवा! स्वतःच्या गच्चीवर वर्षानुवर्षं भाज्या पिकवणाऱ्या मास्तरांना खरं उत्तर झोपेतसुद्धा देता आलं असतं. सकाळी नर फुलातले परागकण ब्रशने मादी फुलाला लावायचे, की फळ धरतं. एका ओळीचं काम. त्या ओळीच्या जागी त्यांनी विनोद केला होता.

दुकान तसंच उघडं टाकून ते निघाले. गच्चीवर दाजी एका पालथ्या बादलीवर बसले होते, पुढ्यात वेलाचं भेंडोळं.

“आलात? बघा, एक तंतू मागे ठेवला नाही,” दाजी म्हणाले. “आता काय करायचं?”

“दाजी, मी गाढव आहे,” मास्तर म्हणाले, आणि त्यांनी सगळं सांगून टाकलं.

दाजी आ वासून ऐकत राहिले. “मला वाटलं, निवडणूक संपली, आता भोपळा म्हणजे भोपळाच. म्हणजे बेकरीवाला म्हणाला माळी बदला, ते... मी म्हटलं, आपल्याकडे माळी आहे हे याला सांगितलं कुणी?” मग त्यांनी वेलाकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा पडला. एका टोकाला अजून पिवळी फुलं होती.

“रागावलात ना माझ्यावर? म्हणून येणं बंद केलंत?”

“राग? छे हो! ती बाहुली बघून मी पोट धरून हसलो. निकालानंतर दोनदा तुमच्या कोपऱ्यापर्यंत आलो आणि परत फिरलो.”

“अहो, का पण?”

दाजी फुलं खुडत बसले. “येऊन बोलायचं काय? लग्नापासून आपण दुसरं काही बोललोय का? निवडणूक असली की बरं असतं, विषय असतो. आता पुढची यायला वर्षं जातील. तोवर मी तुमच्याशी काय बोलू?”

 इतकी वर्षं मास्तरांनी या माणसाच्या छातीची, खांद्यांची मापं घेतली, पण बाबा कसा आहेस, एवढं विचारायचं कधी सुचलं नव्हतं. आत्ताही विचारायला म्हणून पुढे झाले, आणि वेलाचं भेंडोळंच बाजूला सारलं. त्यांनी बाह्या वर केल्या.

“काही बोलू नका,” ते म्हणाले. “ती कुंडी इकडे ओढा आणि बिया आणा.”