डॅशबोर्डवरची देवी

"सरका, सरका! शक्ती उतरून राह्यली!"

असं म्हटल्यावर कोण सरकतंय? उलट सगळी टेकडी पुढे लोटली. मधोमध आरोग्य केंद्राची व्हॅन उभी होती आणि तिचा थाट नवरदेवाला लाजवील असा होता. टपावर झेंडूच्या माळा, काचेवर कुंकवाचे पंजे, आणि बॉनेट उघडून आतल्या यंत्राला शेंदूर कालवलेल्या तेलाचं असं अभ्यंग घातलेलं, की खाली जमिनीवर थारोळं साचलं होतं. गाडीचं दुखणं एवढंच, की तिची बॅटरी भरत नव्हती. लोटून सुरू केली की चालायची, पण बंद करून पुन्हा स्टार्टर दाबला की नुसती कण्हायची.

पण साध्या दुखण्याला साधं कारण असेल, तर टेकडीवरच्या मठातल्या वीजनाथ महाराजांनी खायचं काय?

"हे बॅटरी नोहे, बाप्पा," महाराजांनी तेलकट पंजा उंचावला. "हे देवीची कूस हाय! कोनीतरी करणी करून बांधली. आता मी मोकयी करतो. ॐ ऱ्हीं व्होल्टाय फट् स्वाहा!"

व्होल्ट नावाचं दैवत कोणत्या पोथीत आहे, हे विचारायची कुणाची छाती झाली नाही. सात धट्टीकट्टी माणसं अनवाणी पायांनी गाडीच्या मागे उभी राहिली. महाराज ड्रायव्हरच्या कानाशी वाकले. "नानाजी, अहंकार सोड अन् क्लच दाब. गेर दुसरा. मी 'जय' म्हटलं का पाय काढ."

सातांनी रेटा दिला. व्हॅन उतारावरून घरंगळू लागली. अर्ध्यावर महाराज गरजले, "जय!" नानाजीने अहंकार आणि क्लच दोन्ही सोडले. गाडीने आचका दिला, खोकली आणि धडधडत सुरू झाली. डॅशबोर्डवर एक लहानसा लाल दिवा टक्क पेटून राहिला.

"देवीनं डोया उघडला!" गर्दी ओरडली. नानाजीने स्टिअरिंग सोडून त्या दिव्याला हात जोडले, तेव्हा व्हॅन निंबाच्या झाडाला भेटायला निघाली होती. ती कशीबशी वाचली, हाही महाराजांचाच प्रताप ठरला.

केंद्राच्या ओसरीवरून हे सगळं नर्स इंदुताई पाहत होत्या. यवतमाळहून बदली होऊन त्यांना इथे दोन वर्षं झाली होती. डॉक्टरची जागा रिकामी होती, त्यामुळे आसपासच्या तांड्यांची बाळंतपणं त्यांच्या आणि या व्हॅनच्या भरवशावर चालायची. मोटारीतलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं. पण दर खेपेला तेच औषध घेऊन दर खेपेला तोच आजार परत येत असेल, तर आधी औषधाकडे बघावं, एवढं त्यांना रोग्यांनी शिकवलं होतं.

"नानाजी, गाडीला हँडल मारायची सोय असते ना? ते कुठे गेलं?"

"ते महाराजांनं मठात ठेवलं, ताई. देवीचं हत्यार म्हणून. त्याची रोज पूजा होते."

"आणि गाडी इथे टेकडीवर मठाच्या दारातच का लावायची?"

"देवीची नजर पडते ना जी."

नजर पडते आणि उतारही मिळतो, असं इंदुताईंच्या जिभेवर आलं होतं. पण नानाजी भला माणूस होता, आणि भल्या माणसाशी वाद घालायला वेळ हाताशी असावा लागतो.

वेळ हाताशी नव्हताच. होळीच्या आदल्या आठवड्यात, भल्या सकाळी रामलाल नायकाने आपली सून रुपीबाई बैलगाडीतून केंद्रात आणली. रामलाल पायथ्याच्या बंजारा तांड्याचा नायक. त्याच्या शब्दावर तांडा उठायचा, बसायचा. त्या दिवशी मात्र तो नुसता इंदुताईंच्या मागे मागे फिरत होता. इंदुताईंनी तपासलं. मूल आडवं होतं. एक हात खाली आला होता.

"इथे माझ्या हातून व्हायचं नाही. ऑपरेशन लागेल. पांढरकवड्याला न्या, आत्ताच्या आत्ता."

नानाजीने स्टार्टर दाबला. गाडी कण्हली आणि गप्प झाली.

मठाचं दार बंद होतं. इंदुताईंनी ते इतकं बडवलं की समाधीत असलेल्या महाराजांना घोरणं थांबवावं लागलं.

"आता नाई," महाराज दाराच्या फटीतून म्हणाले. "दुपारच्या आरतीबिगर शक्ती उतरत नाई. घाई केली तं देवी कोपते. अन् बाईमाणसाचा हात गाडीले लागू देऊ नका, सांगून ठेवतो." फट मिटली.

हेच वाक्य इंदुताईंनी गेल्या दिवाळीतही ऐकलं होतं. तेव्हा तांड्यातली मोतीबाई सकाळपासून दुपारपर्यंत याच ओसरीवर कण्हत पडून होती. आरती झाली, शक्ती उतरली, गाडी निघाली. मोतीबाई वाचली. बाळ वाटेतच गेलं. देवीची मर्जी, असं सगळ्यांनी म्हटलं. तेव्हा त्याही गप्प बसल्या होत्या आणि त्याचा त्यांना अजून संताप होता.

पण आरतीच का? इंदुताईंनी टेकडीवरून खाली पाहिलं. तांड्यात एक पुरुष दिसत नव्हता. सगळे जंगलात लाकूडतोडीला गेले होते. दुपारी जेवायला परतणार, मग आरतीला येणार. देवीला मुहूर्त लागत नव्हता. तिला लोटायला सात माणसं लागत होती!

"रामलालभाऊ, लोटायला माणसं हवीत. तांड्यातल्या बायांना बोलवा."

"बायका? महाराजांनं मना केलं ना..."

"महाराजांची सून अडली आहे की तुमची?"

रामलालने एकदा आतल्या खाटेकडे पाहिलं आणि तो उतारावरून धावत सुटला. बाया आल्या. हातांत बांगड्या, घागऱ्यांवर आरसे, आणि चेहऱ्यांवर भीती. रुपीबाईला व्हॅनमध्ये निजवलं. पण गाडीला हात लावायला कुणी धजेना. मग मोतीबाई पुढे झाली. तिने दोन्ही तळवे मागच्या दारावर टेकले.

"देवी कोपली तं कोपली. मायं आता काय नेते?"

तिच्यामागे बाकीच्यांचे हात लागले. मंत्र कुणाला येत नव्हता. होळी तोंडावर आलेली, म्हणून ओठांवर लेंगी, म्हणजे तांड्याचं होळीचं गाणं होतं. तेच त्यांनी सुरू केलं, आणि लेंगीत पुरुषजातीचा जो उद्धार होतो तो काही देवळात म्हणण्याजोगा नसतो. त्या तालावर व्हॅन घरंगळली. "नानाजी, सोडा!" इंदुताई ओरडल्या. गाडी आचका देऊन खोकली आणि धडधडत सुरू झाली. लाल डोळाही नेहमीसारखाच उघडला. शिव्या ऐकून देवी जराही रुसली नव्हती.

पांढरकवड्यात डॉक्टरांनी रुपीबाईला थेट ऑपरेशनला घेतलं. मुलगी झाली. माय आणि लेक दोघी जगल्या. रामलाल नायक दवाखान्याच्या पायरीवर बसून पोरासारखा रडला.

इंदुताईंनी डोळे पुसले आणि नानाजीला बाहेर गाडीपाशी ओढत नेलं. "आता हिचं पोट उघडा. हा लाल दिवा कशाचा?"

नानाजी चाचरला. "ट्रेनिंगले सांगतलं होतं... इंजिन सुरू झालं का तो इझाले पायजे. नाई इझला तं समजाचं का डायनामो बॅटरी भरत नाई."

"मग इतके दिवस बोलला का नाहीत?"

"महाराज म्हणे देवीचा डोया हाय. मले वाटलं, ट्रेनिंगवाल्यायले देवीचं काय समजते?"

बॉनेट उघडून नानाजीने इंजिनच्या तोंडाशी असलेला रबरी पट्टा दाखवला. इंजिन फिरलं की तो पट्टा डायनामोला फिरवणार, डायनामो वीज करणार, वीज बॅटरीत जाणार. पट्टा तेलाने निथळत होता. बॉनेटच्या आतल्या अंगाला, पट्ट्याने फिरताना उडवलेल्या शेंदराच्या शिंतोड्यांची सरळ रेघ उठली होती. इंदुताईंनी डायनामोचं चाक बोटाने ढकललं. ते पट्ट्याखाली गुळगुळीत फिरलं, पट्टा जागचा हलला नाही.

त्यांनी पेटीतून कापूस आणि स्पिरिट काढलं आणि जखम पुसावी तसा पट्टा आणि चाकं पुसून काढली. नानाजीने पाना लावून पट्टा ताणून बसवला. दवाखान्यातल्या चौघांना लोटायला लावून गाडी चालू केली. लाल दिवा विझला. परतीच्या वाटेवर तो एकदाही पेटला नाही.

महाराज इतक्या सहजी विझणारे नव्हते. होळीच्या दिवशी टेकडीवर भरल्या गर्दीत त्यांनी जाहीर केलं, "म्याच समाधीतून शक्ती धाडली होती! पन बाया शिवल्या, म्हणून देवीनं रागानं डोया मिटला."

"मग मी उघडून दाखवू?" इंदुताई गर्दीतून पुढे आल्या. "तुमच्याच वाटीतलं तेल द्या."

नानाजीने नुसता स्टार्टर दाबला. भरलेल्या बॅटरीवर गाडी एका दमात सुरू झाली, दिवा विझलेला. इंदुताई वाटी घेऊन उघड्या बॉनेटवर वाकल्या. तेवढ्यात महाराज किंचाळले, "हात सांभाय! पट्ट्यात जाईन!"

सगळ्या टेकडीच्या माना महाराजांकडे वळल्या.

"पट्टा?" इंदुताई सावकाश वळल्या. "महाराज, तुम्हाला पट्टा ठाऊक आहे?"

महाराज मंत्र शोधू लागले. नेमका त्या दिवशी एकही सापडेना. मागून कुणीतरी म्हणालं, "हा तं हमरस्त्यावरच्या ट्रकवर क्लिनर होता, म्या तवाच म्हनत होतो." तवा तो कुणाजवळ म्हणत होता, देव जाणे.

इंदुताईंनी गाडी बंद करायला लावली, पट्ट्यावर तेल ओतलं आणि पुन्हा चालू करायला लावली. लाल दिवा पेटला आणि पेटूनच राहिला. गाडी बंद करून पट्टा पुसला. विझला. मग रामलालने स्वतः वाटी घेतली, ओतलं, पेटला. पुसलं, विझला. तिसऱ्या खेपेला तांड्यातल्या बायाच सांगू लागल्या, आता पेटंन, आता इझंन.

"पाहिलंत?" इंदुताई म्हणाल्या. "तेल लागलं की पट्टा घसरतो, बॅटरी भरत नाही, गाडी बंद पडते. गाडी बंद पडली की महाराज लागतात, आणि महाराज आले की पुन्हा तेल. उतारावर ढकललेली कुठलीही गाडी सुरू होते, जय म्हणा नाहीतर शिवी द्या."

मोतीबाई गर्दीतून सरळ महाराजांसमोर येऊन उभी राहिली. तिचा आवाज चढलेला नव्हता.

"तुले मालूम होतं. मंग मायं लेकरू होतं तवा मले दुपारलोक काहून थांबवलं?"

महाराजांनी मान खाली घातली. गर्दीतल्या कित्येकांच्या माना त्यांच्याबरोबरच खाली गेल्या, कारण त्या दिवशी आरतीला टाळ्या वाजवणारे हेच होते.

इंदुताईंनी मोतीबाईच्या खांद्यावर हात ठेवला.

"देवीला हात जोडायचे तर जोडा, मी आड येणार नाही," त्या लोकांना म्हणाल्या. "पण माणूस अडलं असताना कुणी 'थांबा' म्हटलं, तर त्याला विचारा, का थांबायचं? विचारल्याने कुठलीही देवी कोपत नाही. आणि ज्याला कारण सांगता येत नाही, त्याच्यासाठी क्षणभरही थांबू नका."