उलटी धार

त्या खोलीत वस्तूंपेक्षा मतं जास्त होती. वाचनालयाच्या मागची एक लांबट खोली, दोन खिडक्या, मधोमध मोठं टेबल आणि भिंतभर फळ्या. फळ्यांवर जुनी अवजारं, प्रत्येकाला दोऱ्यानं बांधलेलं एक कार्ड. दर शनिवारी दुपारी चार वाजता चौघंजण त्या टेबलाभोवती बसत आणि लोकांनी माळ्यावरून, ट्रंकांतून, अडगळीतून काढून आणलेल्या वस्तू कशाच्या आहेत ते सांगत. निदान तसा आव तरी आणत.

खोली मास्तरांची. म्हणजे जागा वाचनालयाची, पण हट्ट त्यांचा. आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवल्यामुळे ‘मला माहीत नाही’ हे वाक्य त्यांच्या जिभेला वळतच नसे. दुसरे सुतारकाका. चाळीस वर्षं लाकूडकाम केलेले. अवजार हातात घेतलं की आधी नखावर धार बघायचे आणि मग ते बनवणाऱ्याची अक्कल काढायचे. तिसऱ्या सिस्टर, रुग्णालयातून निवृत्त झालेल्या; त्यांना प्रत्येक लोखंडी वस्तू शस्त्रक्रियेची वाटे. गेल्याच महिन्यात एका बाईंनी तारा ताणलेली छोटी चौकट आणली होती. मास्तरांनी ते वाद्य ठरवून त्यावर वीस मिनिटं ध्वनिशास्त्र सांगितलं. शेवटी बाई म्हणाल्या, “अहो, आई याच्यावर उकडलेली अंडी कापायची. मला फक्त गंज कसा काढायचा ते विचारायचं होतं.”

चौथी वहीताई. बावन्न वर्षांची, बारीक चणीची, लहान हातांची. नोंदवही तिच्याकडे, म्हणून ती वहीताई. ती मत देत नसे, इतरांची मतं लिहून घेई.

गेले तीन आठवडे ती हे लिखाण डाव्या हातानं करत होती. वाचनालयाच्या पायरीवरून घसरून उजवं मनगट मोडलं होतं आणि कोपरापर्यंत प्लास्टर होतं. पहिल्या शनिवारी वहीत अक्षरं नव्हती, कोंबडी पाय पुसून गेल्यासारखं काहीतरी होतं. तिसऱ्या शनिवारी मात्र सिस्टरांनी वही डोळ्यांजवळ नेली.

“इतक्या लवकर जमत नाही कुणाला. मूळची डावखुरी आहेस की काय ग?”

“होते म्हणे लहानपणी. शाळेतल्या बाईंनी पट्टीनं सवय मोडली.”

“बाई मजबूत असणार,” सुतारकाका म्हणाले, आणि विषय तिथेच संपला.

त्या शनिवारी सगळ्यांचीच तोंडं उतरलेली होती. वाचनालयाला अर्धी खोली परत हवी होती. सोमवारी सकाळी भंगारवाला येणार, आणि मास्तरांनी जड मनानं नियम काढला होता: ज्याला नाव नाही, त्याला जागा नाही. म्हणजे सगळ्यात खालची फळी, ‘अनोळखी’ अशी पाटी लावलेली, रिकामी व्हायची होती. तिच्यावर तेवीस वस्तू होत्या. आजच्या दिवसात जेवढ्या ओळखता येतील तेवढ्या वाचणार होत्या.

वहीताईचं लक्ष सारखं त्या फळीकडे जात होतं. तिला तेवीसांचं काही नव्हतं. तिला सतरा नंबरचं होतं.

सतरा नंबर म्हणजे वीतभर लांबीची वस्तू. लाकडी मूठ, पुढे रुंद, तिरप्या तोंडाचं पातं आणि पात्याच्या एका कडेला शेंगदाण्याएवढी पितळी चाकी. मुठीवर अंगठ्याजवळ एक खोलगट खाच. सहा वर्षांपूर्वी वहीताईनंच ती फळीवर ठेवली होती. वहीत ‘देणाऱ्याचं नाव’ या रकान्यात तिनं लिहिलं होतं, अज्ञात. तिच्या सबंध वहीतलं तेवढं एकच खोटं.

ती वस्तू तिच्या बाबांची होती.

बाबा पुस्तकबांधणी करायचे. चामड्याची पाठ, चामड्याचे कोपरे, वर सोनेरी अक्षरं. वकिलांची जाडजूड पुस्तकं त्यांच्याकडे यायची. दादाला त्यांनी दहाव्या वर्षी बाकावर बसवलं. ती नऊ वर्षांची झाली तेव्हा स्वतःहून गेली आणि म्हणाली, “मलापण शिकवा.” बाबांनी तिच्याकडे पाहिलं, बाकावरच्या सगळ्या सुऱ्यांकडे पाहिलं आणि म्हणाले, “माझ्याकडे तुझ्या हाताचं काही नाही ग.”

ती गुमान परत फिरली. पुन्हा विचारलं नाही. तुझ्या हातानं काही व्हायचं नाही, असंच तिनं ऐकलं आणि तेच गाठीला बांधून ती मोठी झाली. कारकुनी केली, संसार केला, मुलीचं शिक्षण केलं. पण कुठलंही नवं काम समोर आलं की हात आपोआप पदराआड जायचे.

त्यानंतर वर्षभरात बाबा आजारी पडले. शेवटचे काही महिने ते दुपारभर बाकाशी बसून कानस घासत असायचे. विचारलं तर सांगत नसत. हाताखालची पुस्तकं तशीच पडून राहिली. आई वैतागायची. शेजारीपाजारी म्हणायचे, आजार डोक्यात गेलाय. बाबा गेले, दादानं बाक सांभाळला, आणि कितीतरी वर्षांनी त्या बाकाचा खालचा खण साफ करताना ही वस्तू निघाली. दादानं चामड्याच्या तुकड्यावर चालवून पाहिली. चामडं फाटलं.

“सुरी म्हणावी तर धार उलट्या बाजूला,” तो म्हणाला होता. “शेवटी शेवटी त्यांना सुधरत नव्हतं, दुसरं काय. तुझ्या त्या शहाण्यांना दाखव हवं तर.”

तिनं दाखवली, पण बाबांचं नाव न सांगता. कारण कुणी हसलं असतं तर तिला सहन झालं नसतं. आणि हसलेच की. सुतारकाकांनी नखावर धार घासून पाहिली आणि त्यांचा निकाल तिला स्वतःच्या हातानं लिहावा लागला: ‘धार चुकीच्या बाजूला. नवशिक्याचं काम. उपयोग अज्ञात.’

सहा वाजेपर्यंत एकवीस वस्तूंचा निकाल लागला. त्यातल्या नऊ वाचल्या. त्यातही दोन-तीन मास्तरांनी दयाबुद्धीनं वाचवल्या. एका वाकड्या सळईला तर त्यांनी ‘वाकडी सळई’ हेच नाव देऊन टाकलं. मग सतरा नंबर टेबलावर आला.

“हा आपला उलटा,” सुतारकाका म्हणाले. त्यांनी तो उजव्या हातात धरला. “बघा ना, धार इकडे, तिरपा इकडे, आणि चाकी? चाकी हवेत. कशालाच टेकत नाही. ज्यानं केलंय त्याला देवानं हात दिले, डोकं द्यायचं राहिलं.”

“घोड्याचे खूर तासायचं असेल,” मास्तर म्हणाले.

“प्लास्टर कापायचं,” सिस्टर म्हणाल्या आणि वहीताईच्या हाताकडे पाहून हसल्या.

“सिस्टर, तुम्ही मागच्या वेळी नारळाची खवणीपण प्लास्टर कापायची ठरवली होती.” सुतारकाकांनी ती वस्तू भंगाराच्या खोक्यात टाकली. खण्णकन आवाज झाला. “लिहा ताई. बाद.”

वहीताईनं पेन उचललं. ‘बा’ लिहिलं. पुढे हात चालेना. बाबांचे ते सगळे महिने, ती कानशीची घासघास, एका अक्षरानं तिला स्वतः भंगारात काढायची होती. तिला रडू यायला लागलं आणि रडण्यापेक्षा जास्त राग आला, सुतारकाकांचा, दादाचा, स्वतःचा. मिळो न मिळो नाव, ही वस्तू ती घरी नेणार होती. ती उठली, खोक्यात वाकली आणि सतरा नंबर उचलला.

उजवा हात प्लास्टरमध्ये. त्यामुळे उचलला डाव्यानं.

अंगठा आपसूक त्या खाचेत जाऊन बसला. झीज म्हणून तिनं वहीत नोंदवलेली ती खाच झीज नव्हतीच. मूठ तळहातात मावली. करंगळी तेवढी बाहेर राहिली. पात्याची सपाट बाजू आपोआप खाली आली, तिरपं तोंड पुढे, आणि सहा वर्षं हवेत लटकलेली चाकी अलगद टेबलाला टेकली.

ती तशीच उभी राहिली.

“काय झालं ग?” सिस्टर म्हणाल्या. “दुखतंय का?”

वहीताई पुन्हा वाकली. खोक्यात एका फाटक्या पुस्तकाची चामडी पाठ पडली होती. ती तिनं टेबलावर पालथी ठेवली. “मास्तर, एवढं टोक धरता?”

मास्तरांनी धरलं. तिनं पातं चामड्यावर आडवं ठेवलं आणि कडेच्या दिशेनं हळूच ढकललं. चाकी कुरकुरली, फिरली. चामड्यावरून कागदाइतका पातळ पापुद्रा सुटला, गोल वळला आणि टेबलावर पडला. चाकीमुळे पातं जास्त खोल जाऊच शकत नव्हतं. तिनं पुन्हा ढकललं. आणखी एक पापुद्रा.

“कडा पातळ करतात,” ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच ओळखू येईना. “चामडं पुठ्ठ्यावर दुमडायच्या आधी. नाहीतर जाड घडी पडते. बाबांकडे अशा पाच सुऱ्या होत्या. त्यांना चाकी नव्हती.”

“बाबांकडे?” मास्तर म्हणाले.

सुतारकाका पुढे झाले. त्यांनी चष्मा पुसला, सुरी तिच्याकडून मागून घेतली आणि आयुष्यात पहिल्यांदाच एखादं अवजार डाव्या हातात धरलं. त्यांच्या मोठ्या पंजात ती मूठ चमच्यासारखी दिसत होती. अंगठा खाचेत बसेना.

“धार चुकलेली नाही,” ते म्हणाले. “धार अगदी जिथल्या तिथे आहे. हात चुकला होता, आमचा. सहा वर्षं.” मग ते थोडे थांबले. “आणि ही मोठ्या माणसाची नव्हे. एवढीशी मूठ... हे पोराबाळासाठी केलेलं आहे. म्हणून तर चाकी लावली, फाटू नये म्हणून. ताई, कुणाचं हे?”

सिस्टरांनी वहीताईचा डावा हात स्वतःच्या हातात घेऊन उलटसुलट पाहिला, नाडी बघावी तसा. “आठ-नऊ वर्षांच्या मुलीचं,” त्या हळूच म्हणाल्या.

तेव्हा तिनं सगळं सांगितलं. अज्ञात कोण ते सांगितलं. कानस सांगितली, शेजारी काय म्हणायचे ते सांगितलं. आणि बाबांचं ते वाक्य सांगायला लागली, “माझ्याकडे तुझ्या हाताचं...” आणि तिथेच अडकली.

कारण ते वाक्य तिनं त्रेचाळीस वर्षांत पहिल्यांदाच ऐकलं. बाबांनी तिच्याकडे पाहिलं होतं. मग बाकावरच्या पाचही सुऱ्यांकडे पाहिलं होतं. पाचही उजव्या हाताच्या. माझ्याकडे तुझ्या हाताचं काही नाही. खरंच नव्हतं. एवढाच त्याचा अर्थ होता. नव्हतं, म्हणून ते करायला बसले. आणि ती पुन्हा विचारायला आली नाही, म्हणून त्यांनी आधी सांगितलं नाही. पुरं करून हातातच ठेवणार असतील.

ती टेबलावर डोकं ठेवून रडली, प्लास्टरसकट. चांगली खळखळून रडली. मास्तर तिच्याजवळ आले. “मला... मला माहीत नव्हतं हो,” ते म्हणाले, आणि सिस्टर रडता रडता हसल्या, कारण हे वाक्य त्यांनी मास्तरांच्या तोंडून कधीच ऐकलं नव्हतं.

मग मास्तर नव्या कार्डाला दोरा ओवू लागले. वरच्या फळीवर मधोमध जागा करायला हवी, असं त्यांचं म्हणणं.

“नाही,” वहीताई म्हणाली. “नाव आहे, पण जागा नको. हिला काम आहे.”

रविवारी सकाळी ती दादाच्या दुकानात गेली. बाक तोच, सरस वितळवायचं भांडं तेच, दादा तेवढा पांढरा झालेला. तिनं सुरी डाव्या हातात धरून दाखवली. दादानं वाकून खाचेत बसलेला तिचा अंगठा पाहिला. मग खुर्चीत बसला.

“मी म्हटलं होतं त्यांना सुधरत नव्हतं,” तो म्हणाला. “आईसमोर म्हटलं होतं.”

“आईला संध्याकाळी दाखवू. आधी मला शिकव.”

“आता? या वयात? एक हात प्लास्टरमध्ये आहे तुझा.”

“ज्या हाताचं आहे तो मोकळा आहे.”

दादानं डोळे पुसले, उठला आणि दगडी फरशी पुसून तिच्यासमोर ठेवली. मुद्दाम, डाव्या अंगाला. तिच्यावर चामड्याची पट्टी पालथी घातली आणि टोक स्वतः धरून ठेवलं. सुरीला त्यानं धार करून दिली. धार लावताना दोनदा बाजू चुकला आणि दोनदा स्वतःलाच शिवी दिली. ती ढकलत गेली. पापुद्रा सुटला, दुसरा सुटला, तिसऱ्याला जोर जास्त झाला आणि चाकीलाही न जुमानता चामडं टर्रकन फाटलं.

तिचा हात सवयीनं पदराकडे निघाला.

“ए, थांब,” दादा म्हणाला. “पहिल्या दिवशी मला बाबांनी चार पट्ट्या फाडू दिल्या होत्या. ओरडले नव्हते.”

वहीताईनं फाटलेली पट्टी बाजूला सारली आणि हात फरशीवर परत आणला.

“मग माझ्या अजून तीन आहेत,” ती म्हणाली. “दे दुसरी.”