नारूचा नमस्कार

चैत्रातल्या त्या सोमवारी निंबारीच्या बारवेवर पाय ठेवायला जागा नव्हती, आणि जमलेल्यांपैकी निम्म्यांना पाय टेकवतही नव्हता. कुणी काठीवर आलेलं, कुणी लेकाच्या पाठुंगळी, कुणी बैलगाडीत आडवं पडून. निजामी अंमलातले दिवस. जर्मन लढाई सुरू व्हायला अजून दोन वर्षं होती. वडवणीपासून दोन कोसांवरच्या या गावात दर उन्हाळ्यात नारू उठायचा. नारू म्हणजे हातभर लांबीचा, सुतासारखा पांढरा किडा. आधी घोट्यापाशी फोड यायचा, मग अंगाची लाही होईल अशी आग, मग फोड फुटून किड्याचं टोक बाहेर. पेरणीच्या तोंडावर कर्ता माणूस महिना-दोन महिने खाटेला खिळायचा. शंभर उंबऱ्यांच्या गावात यंदा चाळीस घरं अशी पडली होती.

आणि नेमक्या अशा वेळी, पाच हप्त्यांमागं, गावाला धुनीनाथ महाराज आणि त्यांची कावड वाहणारा चेला लाभले होते. अंगाला भस्म, गळ्यात कवड्या, आवाज असा की बारवेतली कबुतरं उडावीत. सगळ्यात वरच्या पायरीवर मांडी ठोकून ते गरजत होते,

"किडा म्हंता बे त्याला? येड्यांनो, नाग हाय तो! बारवेतल्या देवींचा, साती आसरांचा नाग! आसरा रुसल्यात तुमच्यावर. ज्याचा नाग त्याला परत द्या. पाय बुडवा, नाग नमस्कार करील!"

छबुबाईला दोघींनी धरून खाली उतरवलं. तिसऱ्या पायरीवर तिनं सुजलेला पाय पाण्यात सोडला. पंधरा दिवस झोप नसलेल्या त्या बाईचा चेहरा पाहता पाहता निवळला. "थंड वाटतंय गं बाई," ती म्हणाली आणि रडू लागली. फोडातून किड्याचं पांढरं टोक बाहेर आलं आणि पाण्यात हलू लागलं.

"केला! नमस्कार केला!" महाराज ओरडले. "हर हर महादेव!" सगळी बारव दुमदुमली. मग बायांनी त्याच पायरीवर घागरी बुडवल्या, पुरुषांनी ओंजळी भरभरून तीर्थ घेतलं.

वर निंबाखाली शिवगंगा एकटी उभी होती. परळीकडची लिंगायत वाण्याची लेक, इथं दिलेली. नवरा कल्याणराव दोन वर्षांमागं तापानं गेला, मूलबाळ नव्हतं. किराणाचं लहानसं दुकान, मागं दोन खोल्या आणि शेजारी छबुबाई, एवढाच तिचा संसार. दिवसभरात तिच्याशी सौद्यावाचून दुसरं काही बोलणारं माणूस म्हणजे छबुबाईच. छबूच्या तोंडावर हसू बघून शिवगंगालाही बरं वाटलं. तिनं हात वर करून तिला खूण केली.

तेवढ्यात महाराजांची नजर निंबाकडं वळली.

"गावात चाळीस घरं लोळत्यात. आन् एक घर बगा, बारा-पंधरा वर्सांत तिथं एक नारू न्हाई. कुणाचं घर ते? कावून न्हाई?" त्यांनी बोट उचललं. "जिथं रोग येत न्हाई, तिथनंच रोग निघतोय! ती बाई हाय तवर आसरा शांत व्हायच्या न्हाईत."

सगळ्या माना एकदम फिरल्या. शिवगंगानं छबुबाईकडं पाहिलं. छबुबाईनं पाण्याकडं पाहिलं.

संध्याकाळी अर्जुनराव पाटील दुकानाशी आले. माणूस दुष्ट नव्हता, पण गावाच्या वाऱ्यानं चालणारा होता. उंबऱ्याबाहेरूनच म्हणाले, "शिवगंगाबाई, लोक लई बिथरल्यात. पुढच्या सोमवारपत्तोर परळीला भावाकडं जावा. मी गाडी देतो."

"पाटील, म्या काय केलं?"

"केलं न्हाई म्हणा. पन नारू तुमच्या घराला कावून होत न्हाई, ते तरी सांगा."

ते तिला स्वतःलाच ठाऊक नव्हतं. परळीला भाऊ होता, रुद्रप्पा, भल्या मनाचा. पण त्याच्या भरल्या घरात चेटकीण म्हणून हाकललेली बहीण होऊन कोपरा धरायचा, म्हणजे जिवंतपणीच संपायचं. तिला हेच घर हवं होतं. कल्याणराव इथं गेला होता, ती इथं राहिली होती. दुसरं कारण तिच्याजवळ नव्हतं.

मंगळवारी दुकानात कुणी आलं नाही. बुधवारीही नाही. छबुबाईच्या अंगणातला आवाज भिंतीपलीकडून यायचा, तिची पोरगी तारी हसायची, भांडी वाजायची. शिवगंगा भिंतीला कान लावून बसायची आणि मग स्वतःचीच लाज वाटून उठायची. तीन दिवस आपला आवाजसुद्धा आपण ऐकला नाही, हे तिच्या ध्यानात आलं, तेव्हा ती पूजेला बसून मुद्दाम मोठ्यानं बोलली. घरात तो आवाज फार परका वाटला.

शुक्रवारी मागच्या दारी सिदू आला. कल्याणरावाकडं बारा वर्षं राबलेला गडी. मालक गेल्यावर बैल विकले, तेव्हा तो दुसरीकडं कामाला लागला होता. काठी टेकत आला, पायाला चिंधी.

"सिदू, तुला बी?"

"औंदाच, आक्का. तुमच्या घरी बारा वर्सं हुतो, कदी फोड आला न्हाई. तुमच्या घरचं लिंग राखीत हुतं मला."

"लिंग माझ्या गळ्यात हाय रे. तुझ्या गळ्यात कुठं हुतं?"

सिदू हसला. शिवगंगा मात्र हसता हसता थांबली. सिदूची भाकर वेगळी होती, झोपायचा गोठ्यात, देव त्याचा खंडोबा. मग या घराचं त्याच्या वाट्याला आलं होतं काय? पाणी! लिंगपूजेला गाळलेलं पाणीच चालतं, म्हणून सासऱ्यांच्या काळापासून इथं येणारी प्रत्येक घागर दुपदरी धोतरातून गाळली जायची. पूजेला वेगळं आणि प्यायला वेगळं असा घोळ नको म्हणून सगळंच गाळलेलं. गड्याचा डेराही त्याच पाण्यानं भरायचा.

तिला माघातली गोष्ट आठवली. देवी टोचायला आलेला सरकारी माणूस रामकिसन दुकानाच्या ओट्यावर बसून बडबडत होता, की नारू पायातून पाण्यात पिलं सोडतो, ती पिलं पाण्यातल्या बारक्या किड्यांच्या पोटात जातात, ते किडे आपण पितो आणि वर्षानं आपल्या पायातून नारू निघतो. बीडचे डॉक्टर असं सांगतात म्हणे. ऐकणारे पोट धरून हसले होते. शिवगंगाही हसली होती.

आता ती उठली. बारवेवरून घागर आणली. वाटेत भेटलेल्या बाया भिंतीला चिकटून उभ्या राहिल्या. पाणी गाळलं, धोतर उलटं करून काचेच्या पेल्यात खळबळलं आणि पेला उन्हात धरला. कल्याणराव ज्या भिंगानं पोथीची बारीक अक्षरं लावायचा, ते भिंग डोळ्याशी नेलं. पाण्यात राईच्या टरफलाएवढे ठिपके टुणटुण उड्या मारत होते.

"सिदू," ती म्हणाली, "सोमवारी तुझा पाय लागंल मला."

"पाय? घ्या की आक्का. हाय कुणाच्या कामाचा आता?"

सोमवारी पाटलांची गाडी दारात उभी राहिली. शिवगंगानं गाठोडं गाडीत टाकलं नाही. एका हातात लोखंडी कढई, दुसऱ्यात गाळलेल्या पाण्याची कळशी घेऊन ती सरळ बारवेकडं निघाली, मागून लंगडत सिदू. गर्दीनं वाट दिली. भीतीनं दिली, पण दिली.

"आली! स्वतःच्या पायानं आली!" महाराज म्हणाले. "आसरांनी वढून आणली!"

"महाराज, जायच्या आधी एक बगू द्या," शिवगंगा म्हणाली. "पाटील, ह्या कढईत सवच्छ पानी हाय, बगून घ्या. सिदू, बुडीव पाय."

सिदूनं पाय बुडवला. त्याच्या तोंडून सुस्कारा निघाला. घटकाभरानं नारूनं टोक बाहेर काढलं आणि काळ्या कढईत दुधासारखा पांढरा ढग पसरला. सगळे पुढं सरकले. शिवगंगानं पाटलांच्या हातात भिंग दिलं. पाटील वाकले, आणखी वाकले, मुंडासं कढईत पडायचं राहिलं.

"आरं तिच्या! वळवळतंय की हे! शेकड्यानं!"

"पिलं हायती ती. त्याला पानी लागलं की तो पिलं सोडतो. नमस्कार-बिमस्कार काय न्हाई."

महाराज कसलेले होते. "इख हाय ते!" ते कडाडले. "नागाचं इख! अंगातनं भाईर पडतंय, चांगलंच हाय की!"

लोकांनी माना डोलावल्या. तेही खरंच वाटलं त्यांना. शिवगंगाचा धीर क्षणभर सुटला. मग तिनं पायऱ्यांवरून खाली बोट दाखवलं.

"भाईर पडतंय, कबूल. पन पडतंय कुठं? बारवेत. पाय बुडतो त्याच पायरीवर घागर बुडती. इख असू दे न्हाईतर पिलं असू दे, पितंय कोन? आपुन, आपली लेकरं. अन् आज पिलं तर नारू उठतो पुढल्या साली, म्हनून कुनाच्या ध्यानात येत न्हाई. माझ्या घरात पानी गाळत्यात. मी करनी करीत न्हाई, पानी गाळते! सिदूनं बारा वर्सं ते पिलं, त्याला विचारा."

"खरं हाय," सिदू म्हणाला.

तिनं खाली उतरून बारवेतून तांब्या भरला आणि महाराजांपुढं धरला. "तीर्थ हाय ना? घ्या एक घोट."

महाराजांनी तांब्याकडं पाहिलं. "आमचं सोवळं वेगळं."

"ते बी सांगते. तुमचा चेला रोज माझ्या दुकानावरनं कोसभर लांबून कावड आनतो, नदीच्या वाळूत उकरलेल्या झिऱ्याची. सहा हप्ते गावाला हे पाजलं, स्वतः एक थेंब घेतला न्हाई. ह्या पान्यात काय हाय ते तुमाला ठाव हाय, महाराज."

"घ्या की महाराज," पाटील हळूच म्हणाले. "एक घोट तर हाय."

मागून कुणीतरी म्हणालं, "घ्या, घ्या." मग सगळेच म्हणू लागले. धुनीनाथ महाराजांनी डोळे मिटले, बोट ओठांवर ठेवलं आणि चेल्याकडून कळवलं की या क्षणापासून अकरा दिवसांचं मौन सुरू झालं आहे. ज्या माणसाच्या आवाजानं कबुतरं उडत होती, त्याला एका तांब्यानं मुकं केलं. दुसऱ्या दिवशी उजाडता गुरू-चेले दोघेही गावात नव्हते.

तुम्हाला वाटेल, गावानं शिवगंगाला डोक्यावर घेतलं असेल. तसं होत नसतं. ज्याच्यापुढं आपण मूर्ख ठरलो, त्याच्या दारात जायला माणसाला जड जातं. पाटलांनी गाडी परत नेली आणि "राहा" एवढंच म्हणाले. गिऱ्हाईक हळूहळू आलं, सौदा घेऊन गेलं. ओट्यावर टेकलं कुणी नाही. निम्म्या घरांनी पाणी गाळायला घेतलं, निम्म्यांनी "बापजाद्यांनी गाळलं न्हाई" म्हणून सोडून दिलं. छबुबाई दुसऱ्यांत होती. तिचा नारू यथावकाश निघून गेला, तसा तो निघूनच जातो. पण पाय थंड झाला तो महाराजांच्या बारवेत, हे तिच्या मनातून जाईना. एकदा भिंतीपलीकडून शिवगंगानं हाक मारली, "छबे, निदान तारीचं पानी तरी गाळ गं." पलीकडं भांडी वाजायची थांबली आणि मग पुन्हा वाजू लागली.

अख्खं वर्ष असं गेलं. शिवगंगा खरी होती आणि एकटी होती. खरं असण्यानं एकटेपण तसूभरही कमी होत नाही, हे तिला दसऱ्याला कळलं, सोनं द्यायला दारात तिघंच आली तेव्हा.

पुन्हा चैत्र आला. ज्या घरांनी पाणी गाळलं होतं, तिथं यंदा क्वचितच कुणी खाटेला खिळलं. ज्यांनी गाळलं नव्हतं, तिथं पुन्हा कण्हणं सुरू झालं. एका दुपारी शिवगंगाच्या दारात छबुबाई उभी राहिली. कडेवर सात वर्षांची तारी. तिच्या घोट्याशी फोड, अंगात ताप.

"बोल मला काय बोलायचं ते," छबुबाई म्हणाली. "पन पोरीला बग."

शिवगंगाच्या मनात वर्षभराचं साचलेलं होतं. एकेक शब्द तिनं रचून ठेवला होता. तारीचा पाय मांडीवर घेतला आणि त्यातला एकही शब्द तिला आठवला नाही. नुसती चीड आली, छबूची, महाराजाची आणि भिंतीपलीकडून एकदाच हाक मारून गप्प बसलेल्या स्वतःची.

"एकदाच मारली म्या हाक," ती म्हणाली. "शंभरदा मारायची हुती म्या."

मग दोघी मिळून रोज काडीवर नारू गुंडाळू लागल्या, दिवसाला दोन बोटं, तुटू न देता, आणि फोड धुतलेलं पाणी बारवेपासून लांब, तापल्या मातीत ओतू लागल्या. तारी किंचाळायची. छबुबाई तिचं तोंड छातीशी धरायची.

तारी चालायला लागली त्या सोमवारी छबुबाई तिला घेऊन बारवेवर गेली. तिसऱ्या पायरीवर लेकीला उभं केलं आणि घागरी घेऊन आलेल्या बायांपुढं तिच्या घोट्यावरचा व्रण उघडा केला.

"आसरांची वटी भरा, खुशाल भरा," ती म्हणाली. "पन दुखरा पाय पान्यात घालू नगा आन् गाळल्याबिगर घोटभर पिऊ नगा. कुनी म्हनंल नाग, कुनी म्हनंल करनी. इचारा त्याला, तू पितोस का हे पानी? शिवगंगानं वरसामागं सांगितलं हुतं. म्या ऐकलं न्हाई. ते पोरीच्या पायातनं निघालं."