काळ्यावर काळं

आईच्या रफूच्या दुकानात धाकटीने कोटाची उजवी बाही टेबलावर ताणून धरली, कोपराच्या जरा वर कात्रीचं टोक खुपसलं आणि दोन बोटं जातील एवढं भोक पाडलं. कॅमेऱ्यामागे वाकलेल्या, वर्गात 'दाढी' म्हणूनच ओळखल्या जाणाऱ्या तिच्या मित्राने अंगठा वर केला.

"मस्त. आता कडा उसव जरा. खरं वाटलं पाहिजे."

तिने नखाने चार धागे ओढले. तेवढ्यात आई मागच्या खोलीतून चष्मा पुसत बाहेर आली आणि दारातच थबकली. दाढीने सवयीने बटण दाबून कॅमेरा बंद केला.

"हा कोणता कोट?"

"तूच दिलेला. कापायला."

आईने कोट तिच्या हातातून काढून घेतला आणि अस्तर उलटलं. काखेपाशी टाचणीने लावलेली चिठ्ठी होती. चिठ्ठीवर आईच्याच अक्षरात लिहिलं होतं, 'वकील, आज पाच वाजता.'

आता खरं बोलायचं तर चूक दोघांनी वाटून घ्यावी अशी होती. कापण्यासाठी म्हणून आईने एक जुना, वर्षानुवर्षं कुणी न्यायलाच न आलेला काळा कोट दाराजवळच्या खुंटीवर काढून ठेवला होता. पण दाढीला मागची भिंत फार गिचमिड वाटली. त्याने सगळ्या खुंट्या मोकळ्या केल्या आणि स्वतःच्या डोळ्यांना बरं दिसेल तसे कपडे परत टांगले. धाकटीने त्या खुंटीला हात घातला आणि येईल तो काळा कोट ओढला. रफू झालेला कोट कोरा दिसतो, तसा दिसावा म्हणून तर लोक आईकडे येत.

"काळ्यावर काळं डोळ्यांना दिसत नाही, मान्य," आई म्हणाली. तिचा आवाज अजून चढला नव्हता आणि तेच वाईट लक्षण होतं. "पण हाताला कळलं नाही तुझ्या? याच टेबलाखाली रांगलीस ना?"

"काकू, तुम्ही टेन्शन नका घेऊ," दाढी म्हणाला. "एडिटिंगमध्ये ते भोक घालवता येतं."

मग मात्र आईचं तोंड सुटलं. तिचं तोंड सुटलं की समोरचा सायकलवाला पंप हातात धरून ऐकत उभा राही, तसा तो आजही राहिला. तिने दाढीच्या दाढीपासून सुरुवात केली, कॉलेजचे वाभाडे काढले, असली कामं मुलांना देणाऱ्या मास्तरांची खबर घेतली आणि शेवटी पोटच्या पोरीकडे वळली. तिला काय काय म्हणाली, ते इथे लिहिण्यासारखं नाही. "चालते व्हा" एवढंच शेवटचं वाक्य ठीकठाक होतं. दाढी कॅमेरा तिकाटण्यावर तसाच सोडून पळाला. धाकटीने टेबलावरचं हाताला लागेल ते पिशवीत कोंबलं आणि दार आपटून बाहेर पडली.

रस्त्यावर आल्यावर तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. कापला कोट, झाली चूक. पण परक्या मुलासमोर आणि सायकलवाल्याच्या साक्षीने एवढा पाणउतारा? ज्या जाहिरातीसाठी ती तीन आठवडे मरमर मरत होती, ती जाहिरात कुणाची होती? आईचीच ना?

सरांनी काम दिलं तेव्हा वर्गातल्या बाकीच्यांनी शाम्पू घेतला, बूट घेतले, एकाने पाण्याची बाटली घेतली. तीस सेकंद, एक वस्तू, सोमवारी दहाच्या आत जमा. नाही झालं तर वर्ष गेलं. धाकटीने आईचं रफूचं दुकान निवडलं, तेव्हा सर हसले होते. "जे दिसत नाही त्याची जाहिरात कशी करणार तू? आधी भोक दाखव, मग भोक नाही हे दाखव." तिला ते पटलं. अडचण अशी होती, की आईकडे येणारी भोकं कसरीने खाल्लेली, तिळाएवढी. कॅमेऱ्याला ती दिसेनात. म्हणून मोठं भोक हवं होतं.

संध्याकाळी आईने कॅमेरा घरी आणला आणि दाराशी ठेवून दिला. तिकाटणं उलटं मिटलेलं होतं, बॅटरी संपलेली होती. धाकटीने ताटावरून विचारलं,

"काय झालं कोटाचं?"

"भरला."

"नेला वकिलांनी?"

"नेला."

"दिसतंय का काही?"

"नाही दिसत."

"मग एवढा तमाशा कशासाठी केलास? कुणाला कळणारही नाही, आणि तू माझी अख्ख्या गल्लीत शोभा केलीस."

आई ताट घेऊन उठली. त्यानंतर तीन दिवस दोघींनी एकमेकींशी चकार शब्द काढला नाही. धाकटीला वाटलं, आई तोंड फुगवून बसली आहे. बसू दे. राग काही एकटीच्याच नाकावर नव्हता.

रविवारी दुपारी कॉलेजच्या एडिटिंगच्या खोलीत तिने कार्ड लावलं आणि पहिलीच फाईल उघडून कपाळाला हात लावला. पडद्यावर जमीन दिसत होती. मग दाढीचे बूट. मग छत, पंखा, पुन्हा बूट. मागून तिचाच आवाज येत होता, "चल, घेऊया." आणि तिथेच फाईल संपली. दुसऱ्या फाईलमध्ये "कट, छान" या शब्दांपासून पुढचं सगळं होतं. तिसरीही तशीच.

"तू काय केलंयस हे?" ती दाढीला म्हणाली.

दाढीला कळायला एक मिनिट लागलं. सकाळी तपासून बघताना त्याने बटण एकदा जास्त दाबलं होतं. तिथून पुढे तो सुरू करायला दाबे तेव्हा कॅमेरा बंद होई, आणि बंद करायला दाबे तेव्हा सुरू. चित्रण चालू असताना लागणारा तांबडा दिवा त्याने काळी पट्टी लावून झाकला होता, कारण आईची नजर सारखी तिकडे जाई. कॅमेऱ्याच्या पडद्यावरची अक्षरंही त्याने बंद करून टाकली होती, चौकट स्वच्छ दिसावी म्हणून.

"म्हणजे एकही शॉट नाही आपल्याकडे?"

"मधलं मधलं सगळं आहे," दाढी म्हणाला.

तिने त्याला जे सुनावलं ते ऐकून आईलाही अभिमान वाटला असता. तीन आठवडे, मागून आणलेले दिवे, आईशी भांडण, सगळं मातीत. उद्या दहाला जमा काय करायचं, याचे बूट? ती बोलत राहिली आणि दाढी शेवटच्या फाईलवर बाण फिरवत राहिला. मग तो हळूच म्हणाला,

"ही एक तास बावीस मिनिटांची आहे."

ती पडद्याकडे वळली. त्याने कॅमेरा 'बंद' केला होता, आई दारात थबकली तेव्हा.

पडद्यावर आई दोघांना हाकलून देत होती. मग दार आपटलं आणि खोलीत एकटी आई उरली. तिने कोट टेबलावर, बरोबर कॅमेऱ्यासमोर पसरला, कारण दिवे तिथेच लावलेले होते. बाहीच्या आतली दुमड उसवून तिथले लपलेले धागे तिने एकेक करून ओढून काढले, कारण त्या कोटाला त्याच कोटाचा धागा लागतो. मग सुई घेऊन ती भोकाच्या एका कडेपासून उभे धागे भरत गेली. आणि हे सगळं करताना तोंड चालूच होतं. "म्हणे एडिटिंगमध्ये घालवू. घालव की, ये. लाडावून ठेवली मीच. कात्री चालवते बघा कशी, बापाच्या वळणावर गेलीये." उभे धागे झाले. मग आडवे, एक वर, एक खाली. लाखोली वाहतानाही सुईची गती तसूभर चुकत नव्हती. अधूनमधून ती कात्रीसाठी टेबल चाचपी, कात्री सापडत नसे, आणि दुसरी शिवी हासडून ती धागा दातांनी तोडी.

धाकटीने पायाजवळची पिशवी उघडली. वायर, खडू, टेपच्या गुंडाळीखाली आईची कात्री होती. तीन दिवस तिच्या पिशवीत होती आणि आईने मागितली नव्हती.

पडद्यावर भोक लहान होत होत नाहीसं झालं. दाढीने श्वास सोडला.

"अरे, हे सोनं आहे. हीच जाहिरात. चारपट, आठपट वेगाने पळवायचं फक्त."

"थांब."

पडद्यावर दुकानाचं दार वाजलं होतं. वकील आत आले. हातात एक पिशवी होती, तीत आणखी दोन काळे कोट दिसत होते. आईने तयार कोट पुढे केला, तो त्यांनी अंगावर चढवला, कॉलर चाचपली आणि खूश झाले.

"कमाल आहे बाई तुमची. कसर कुठे होती तेही आठवत नाही."

"कॉलरचं झालं," आई म्हणाली. "पण आज उजव्या बाहीला नवीन भोक पडलं. मोठं होतं. भरलंय मी."

वकील बाही खिडकीशी नेऊन बघू लागले. बोटाने चाचपली, डोळ्यांजवळ नेली.

"मला तर काही दिसत नाही."

आईने त्यांचं बोट धरून नेमक्या जागी टेकवलं. "इथे."

"पडलं कसं पण?"

"माझा हात घसरला," आई म्हणाली.

धाकटी खुर्चीत पुढे सरकली.

वकिलांनी बाही सोडली. माणूस वाईट नव्हता, ते चेहऱ्यावर दिसत होतं, आणि म्हणूनच पुढचं बोलणं त्यांनी फार सावरून केलं.

"वय होतं हो बाई सगळ्यांचं. डोळे दाखवून घ्या एकदा. काळं काम तसं डोळ्यांना कठीणच." मग त्यांनी हातातली पिशवी दुसऱ्या हातात घेतली. "हे दोन राहू देत आत्ता. मी बघतो दुसरीकडे."

"बरं," आई म्हणाली.

ते गेले. मघापासून जिचं तोंड एक क्षण मिटलं नव्हतं, ती बाई आता खुर्चीवर बसली आणि तिने एक शब्दही काढला नाही. शिवी नाही, उसासा नाही. तिने चष्मा काढला, पदराने पुसला, घातला, पुन्हा काढला. पाच-सहा मिनिटं पडद्यावर तेवढंच होतं. मग बॅटरी संपली.

"हे टाकायचं," दाढी हळू आवाजात म्हणाला. "शपथ सांगतो, सर रडतील. ते हात घसरला, डोळे दाखवा, ते सगळं."

"नाही."

"अगं पण—"

"त्यातलं काही नाही. फक्त हात. भोक बुजेपर्यंत."

"मग शेवट?"

"शेवट व्हायचाय अजून," ती म्हणाली आणि पिशवी उचलून निघाली. तिला राग आला होता आणि तो कुणावर काढायचा, हे आज पहिल्यांदाच स्वच्छ कळत होतं. रस्ताभर तिला स्वतःचंच वाक्य ऐकू येत राहिलं. कुणाला कळणारही नाही. सांगितलं नसतं तर खरंच कुणाला कळलं नसतं. भोक लपवायला आई तयार नव्हती, आणि कात्री कुणाच्या हातात होती तेवढं मात्र तिने बेमालूम भरून टाकलं होतं.

आई दुकानात होती. समोर कुणाची तरी करडी शाल होती. खुंटीवर काळा असा एकच कोट होता, तो कुणी न नेलेला. धाकटीने कात्री टेबलावर ठेवली.

आईने वर बघितलं नाही. कात्री उचलली, शालीच्या एका धाग्यावर चालवून पाहिली.

"धार घालवलीस."

"वकिलांचा पत्ता दे."

"कशाला?"

"हात कुणाचा घसरला ते सांगायचंय."

"घसरला नव्हता," आई म्हणाली. "चांगला दाबून कापलास तू."

"मग तसं सांगेन."

आईची सुई दोन-तीन टाके चालली आणि थांबली. तिने मान वर केली आणि दिव्यांच्या जागी, जिथे गुरुवारी तिकाटणं उभं होतं, त्या मोकळ्या जमिनीकडे बघितलं.

"चालू होतं ते?"

"हो."

"मी काय काय बोलले, तेही आलंय?"

"सगळं."

"बरं झालं. परत सांगायला नको." तिने शाल बाजूला सारली, एका कागदाच्या कपट्यावर पत्ता लिहिला आणि पुढे केला. "चारनंतर जा. आधी भेटत नाही तो."

धाकटीने कपटा घेतला, पण ती हलली नाही.

"आणि तुझे डोळे चांगले आहेत, हेही सांगते."

आईने सुईतला करडा धागा काढला, रिळावरून काळा तोडला, आता कात्रीने, आणि चष्मा कपाळावर सरकवून दिव्याकडे पाठ करून बसली. तिथे सावली होती. पहिल्याच खेपेला धागा सुईतून आरपार गेला.

"सांग," आई म्हणाली, आणि सुई तशीच धरून राहिली.